दगडाशी जुळलेली कड

नागपुरातली सीताबर्डीची टेकडी आणि हरिहरेश्वरच्या देवळामागे समुद्रात उतरलेला कातळ, दोन्ही एकाच दगडाचे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या, लाव्हा वाहत राहिला, थरावर थर चढत गेले. आजही पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास मुलूख त्या थरांखाली आहे. सह्याद्रीत त्यांची जाडी दोन किलोमीटरपर्यंत भरते. पूर्वेकडे येता येता ते पातळ होत जातात आणि आमच्या नागपूर जिल्ह्यात सरतात. मी उमरेडची. आमच्याकडे हा काळा दगड आपला शेवटचा पदर टाकतो आणि त्याच्याहून कितीतरी जुनं, 25 ते 29 कोटी वर्षांपूर्वीचं, कोळशाचं जग सुरू होतं.

म्हणून समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला पाण्याआधी दगड दिसला. नऊशे किलोमीटर प्रवास करून आलेली आमची सगळी मंडळी लाटा बघत होती, आणि मी खाली वाकून कातळाला हात लावत होते. हा आपलाच, असं काहीसं वाटलं. तो हात लावताना बोटांना एक खडबडीत उंचवटा लागला. दगडाचाच टवका असेल असं समजून मी त्यावरून बोट फिरवलं आणि तो किंचित हलला. खाली दबला, असं म्हणणं जास्त बरोबर.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट ज्यांनी केली आहे त्यांना ती जागा माहीत असेल. देवळामागून चढून, डोंगराच्या फटीतून दगडी पायऱ्यांनी खाली उतरलं की पाय थेट कातळाच्या सपाट पट्ट्यावर पडतो. लाटांनी डोंगराचा पायथा कापत कापत मागे सारला आणि त्याचं जोतं तेवढं समुद्राच्या पातळीला शिल्लक राहिलं. एका बाजूला कडा, त्याच्या अंगावर खाऱ्या वाऱ्याने कोरलेली भोकांची जाळी. दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र. ही वाट ओहोटीलाच मोकळी असते. भरतीत तिथे जाणं म्हणजे जिवाशी खेळ, आणि हे तिथला प्रत्येक माणूस परक्याला आधी बजावतो. कोकणातली जुनी माणसं भरतीची वेळ घड्याळाशिवाय सांगतात. तिथीला पाऊणपट करायचं. अष्टमी असेल तर सहाच्या सुमारास भरती, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढेमागे. आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. आम्ही गेलो ती पौर्णिमाच होती. संध्याकाळी पाच-साडेपाचला पाणी पार मागे गेलं होतं. उधाणाच्या दिवसांत भरती जितकी वर चढते तितकीच ओहोटी खाली जाते, त्यामुळे एरवी झाकलेला कातळही उघडा पडला होता.

आणि त्या कातळावर ते होते, शेकड्यांनी. दोन-तीन सेंटिमीटरचे बसके शंकू, टोकापासून कडेपर्यंत उतरत गेलेल्या फासळ्या, रंग दगडासारखाच राखी-तपकिरी. लिंपेट. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर सर्रास आढळणारी जात सेलाना रेडियाटा. गोगलगायीच्याच मोठ्या कुळातला हा प्राणी. पण शंखाला पीळ नाही आणि तोंडाला झाकणही नाही. दगड हेच त्याचं झाकण.

आत्या सोबत होती. माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिने पदर खोचला, शेजारी बसली, त्या कवचाला नखाने खरवडून बघितलं आणि विचारलं, "पानी आलं तं हे वाहून नाही जात का वं?"

त्या वेळी मला उत्तर देता आलं नाही. नंतर बरीच वर्षं मी त्या प्रश्नाच्या मागे आहे.

कवचाखाली एक रुंद, मांसल पाय असतो. त्याच्या भोवती कल्ल्यांची झालर, पुढे डोकं, दोन स्पर्शिका, उजेड-अंधार कळण्यापुरते डोळे. सगळा जोर पायात. भरतीच्या पाण्यात फिरताना तो पाय मुख्यतः शोषून धरतो. ओहोटीला स्थिर बसल्यावर त्याच्या चिकट स्रावाचा गोंद होतो आणि पकड आणखी घट्ट होते. पहिला स्पर्श बेसावध असतानाच झाला तर तो निघू शकतो. एकदा का त्याला कळलं, की स्नायू आखडतात, कवच खाली ओढलं जातं आणि मग माणसाच्या बोटांचं काही चालत नाही. माझ्या बोटाखाली तो दबला होता, तो असा. लाटेचंही तसंच. शंकूचा उतार पाण्याला अंगावरून जाऊ देतो आणि राहिलेला जोर पाय सोसतो. वर सुकलेल्या पट्ट्यात राहणारे लिंपेट जास्त उंच आणि टोकदार असतात, खाली पाण्याजवळचे बसके. याचं दिलं जाणारं कारण मला फार पटतं. वर राहणाऱ्याला ओल टिकवण्यासाठी सतत आवळून बसावं लागतं; त्या आवळण्याने कवच घडवणारी कड आत ओढली जाते; कवच रुंद होण्याऐवजी उंच वाढतं. त्याने सोसलेलं ऊन त्याच्या आकारात दिसतं.

उन्हाचं मला कोणी वेगळं सांगायला नको. मे महिन्यात 46-47 अंशांत उमरेडच्या रस्त्यावर दुपारी कुत्रंही दिसत नाही. पण आम्हाला भिंती आहेत, कूलर आहे, माठ आहे. उघड्या काळ्या कातळावर सहा-सहा तास उन्हात राहायचं आणि अंगात फक्त कवचाच्या आत कोंडून धरलेलं दोन थेंब पाणी! हाँगकाँगच्या किनाऱ्यावर सेलानाच्याच एका जातीचा अभ्यास झाला आहे. ऊन फार झालं की ती कवच थोडं वर उचलते. अंगातलं पाणी वाफ होऊन जातं, तेवढा गारवा मिळतो. पाणी गमावून थंड व्हायचं की पाणी राखून भाजायचं, हा निर्णय हा एवढासा जीव दर कडक ओहोटीला घेतो. कधी चुकतोही. उन्हाळ्यातल्या कातळावर रिकामी कवचं सापडतात, आतून मोत्यासारखी चमक असलेली.

बसून राहणारा प्राणी, अशी त्याची ओळख आपल्याला ओहोटी करून देते. आपण जातो तेव्हा तो बसलेला असतो, एवढंच. पाणी आलं, किंवा रात्रीची ओल आली, की तो निघतो. ही गोष्ट ॲरिस्टॉटलच्या काळापासून माहीत आहे. त्याने प्राण्यांविषयीच्या ग्रंथात लिंपेट जागा सोडून अन्नासाठी फिरतो हे नोंदवलं आहे. दगडावर डोळ्यांना न दिसणारा शेवाळाचा पातळ थर असतो. तो खरवडत लिंपेट पुढे सरकतो. त्याची जीभ म्हणजे एक लांब पट्टी, अनेक जातींत अंगापेक्षाही लांब, आणि तिच्यावर दातांच्या शंभराहून अधिक रांगा, किसणीच म्हणा. पुढच्या रांगा दगडावर घासून झिजतात, मागून नव्या तयार होऊन पुढे येतात. आयुष्यभर.

2015 साली इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठात एसा बार्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपीय लिंपेटच्या दाताचे अतिसूक्ष्म तुकडे ताणून पाहिले. सजीवांनी बनवलेल्या तोवर मोजलेल्या सगळ्या पदार्थांत ते सर्वांत बळकट निघाले. त्याआधी तो मान कोळ्याच्या धाग्याचा होता. बळ कशातून येतं? दातात गोएथाइट नावाच्या लोहखनिजाचे बारीक तंतू एकमेकांशेजारी दाटीने बसवलेले असतात. हे नाव जर्मन कवी गटे याच्या सन्मानार्थ दिलेलं. त्याला खनिजांचं वेड होतं. पण मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. कोकणातला जांभा दगड ज्याने पिवळा-तपकिरी दिसतो ते लोहही मोठ्या प्रमाणात गोएथाइटच. काळ्या कातळावर ऊन-पावसाचे युगानुयुगे संस्कार होऊन जांभा बनला. त्याच्या चिऱ्यांनी कोकणात घरं बांधली, विहिरी बांधल्या, गडगे रचले. आणि तेच खनिज खाली समुद्राच्या काठावर एक गोगलगाय समुद्राच्या पाण्यातलं लोह घेऊन आपल्या तोंडात, एक मिलिमीटरपेक्षा लहान दातात, घडवत बसलेली असते. माणसाला भट्टी लागते. तिला काही लागत नाही.

दगड खरवडताना शेवाळाबरोबर थोडा दगडही पोटात जातो. इंग्लंडच्या मऊ खडूच्या किनाऱ्यावर हे मोजलं गेलंय. एक मोठा लिंपेट वर्षाला सुमारे 5 ग्रॅम खडू गिळतो आणि टाकतो. किनारा खाली जाण्यात त्यांचा चांगलाच वाटा आहे. आमच्या उमरेडला जमीन खोदणारी यंत्रं आहेत. मकरधोकड्याच्या बाजूला गेलात तर वरची माती-दगड काढून रचलेले डोंगर दिसतात. खाणीतली माणसं त्यांना ओबी म्हणतात. त्या डोंगरांच्या सावलीत मी मोठी झाले, आणि जमीन एका पिढीत किती बदलू शकते हे डोळ्यांनी बघितलं. लिंपेटचा वेग फार वेगळा आहे. तो जिथून खरवडतो तिथे शेवाळ पुन्हा उगवतं. काही जातींत तर त्याच्या चिकट मागावर ते अधिक चांगलं उगवतं, म्हणजे आपण चाललेल्या वाटेवर तो परत येईपर्यंत अन्न वाढलेलं असतं.

आणि तो परत येतो. लिंपेटच्या कित्येक जातींमध्ये प्रत्येकाची दगडावर ठरलेली जागा असते. फिरून, चरून, पाणी उतरायच्या आत तो त्याच जागी येतो, त्याच दिशेला तोंड करून बसतो, कवच डावी-उजवीकडे हलवत कड नेमकी जुळवतो. जुळायलाच हवी. फट राहिली तर ओल निघून जाईल. मऊ दगडावर त्याच्या कवचाच्या घासण्याने दगडातच गोल खाच पडते. कठीण दगडावर दगड हार मानत नाही. तिथे कवचाची कडच दगडाच्या उंचसखलपणाप्रमाणे वाढते आणि झिजते. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. एखाद्या लिंपेटच्या कवचाची कड म्हणजे त्या एका जागेचा नकाशा. जगात दुसरीकडे कुठेच ती तशी बसणार नाही.

1894 साली लॉइड मॉर्गन या ब्रिटिश अभ्यासकाने लिंपेटच्या या घरी परतण्यावर टिपण लिहिलं. त्याने काही लिंपेट उचलून घरापासून वेगवेगळ्या अंतरावर ठेवले. थोड्या अंतरावरचे बहुतेक परतले. अंतर वाढलं तसे परतणारे कमी होत गेले. हे अंतर किती? वितीत आणि हातात मोजण्याएवढं. पुढच्या संशोधकांनी दाखवलं की आपल्या स्रावाचा माग हुंगत तो घरी येतो. जवळ ठेवला तर कुठल्यातरी जुन्या मागावर पाऊल पडतं आणि वाट सापडते. लांब नेला तर कुठलीच ओळखीची वाट त्याला आडवी येत नाही.

इथे मला आत्याविषयी सांगायला हवं. तिचं सासरचं गाव खाणीसाठी उठलं. मोबदला मिळाला, नव्या वसाहतीत प्लॉट मिळाला, पक्कं घर झालं, नळ आला. जुन्या घराहून हे घर चांगलं आहे हे ती स्वतः सांगते, आणि ते खोटं नाही. पण कितीतरी दिवस ती पहाटे उठून डावीकडे वळायची आणि भिंतीला धडकायची. जुन्या घरात डावीकडे न्हाणी होती. "पाय तं तिकडंच वयते," ती म्हणायची. तिच्या पावलांना चाळीस वर्षांचा माग ठाऊक होता, आणि तो माग जिथे होता ती जमीनच आता हवेत गेली होती, खाली दीडशे फूट खड्डा. जुनं गाव बघायला जायचं म्हटलं तरी जाण्यासारखं काही उरलं नव्हतं. विस्थापनावरचे अहवाल मी कामानिमित्त वाचले आहेत. एकरी दर, नोकऱ्या, वीज, शाळा, सगळं त्यांत असतं आणि ते असायलाच हवं. पाय डावीकडे वळतो, याचा रकाना कुठे नसतो. तो असावा, असं मला मनापासून वाटतं.

लिंपेट काढून घेतले तर काय होतं, हेही पाहिलं गेलं आहे. 1946 च्या सुमारास आयर्लंड आणि इंग्लंडच्या मधल्या आइल ऑफ मॅन बेटावर जोन्स नावाच्या शास्त्रज्ञाने किनाऱ्याचा दहा मीटर रुंद पट्टा निवडला आणि त्यावरचे लिंपेट काढून टाकले. थोड्याच काळात तो उघडा पट्टा हिरवा झाला, मग मोठ्या तपकिरी शेवाळांनी भरून गेला. शेजारचा किनारा पूर्वीसारखाच उघडा. पुढे 1967 मध्ये टोरी कॅनियन हे तेलवाहू जहाज कॉर्नवॉलजवळ फुटलं. किनाऱ्यावर आलेलं तेल धुवायला वापरलेल्या रसायनांनी लिंपेट मोठ्या संख्येने मेले, आणि मैलोन्‌मैल किनाऱ्यांवर हेच घडलं, फक्त कोणी प्रयोग म्हणून केलं नव्हतं. तो किनारा मूळ पदावर यायला दहा-पंधरा वर्षं लागली. जे दिसत नाही ते तिथे नाही, असं आपण धरून चालतो. कातळ उघडा दिसतो म्हणजे रोज रात्री कोणीतरी तो साफ करतंय. हे आता मला प्रत्येक किनाऱ्यावर आठवतं.

आमच्याकडे उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात लोक वाघ बघायला येतात. नागझिऱ्याहून आलेला जय वाघ 2016 मध्ये दिसेनासा झाला तेव्हा देशभर बातम्या झाल्या, आणि व्हायलाच हव्या होत्या. वाघ आपली हद्द राखतो हे इथल्या पोराटोरांना माहीत आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा एक मोठा लिंपेटही हद्द राखतो. आपल्या शेवाळाच्या वावरात दुसरा कोणी आला तर कवचाने ढकलून बाहेर काढतो. दोन्ही गोष्टी एकाच शाळेत शिकवल्या जाव्यात, एवढीच माझी मागणी आहे.

गोड्या पाण्यातही लिंपेट असतात, हे मला बरंच उशिरा कळलं. ते मात्र समुद्रातल्या लिंपेटचे जवळचे सगे नव्हेत. वाहत्या किंवा हलत्या पाण्यात तग धरायला हा बसका शंकू इतका सोयीचा आहे की गोगलगायींच्या वेगवेगळ्या शाखांनी तो स्वतंत्रपणे घडवला. आपल्या किनाऱ्यावरचा सायफोनेरिया दिसायला अगदी लिंपेट, पण तो हवेतही श्वास घेतो. त्याचं नातं जमिनीवरच्या गोगलगायींशी जास्त. आणि तळ्या-ओढ्यांत, पानांच्या खाली, दगडांवर, काही मिलिमीटरांचा फेरिसिया. महाराष्ट्राच्या वैद्यकीय इतिहासात याचं नाव आहे. 1952 मध्ये गाडगीळ आणि शहा यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी या गावी शिस्टोसोमा या कृमीमुळे माणसांना होणाऱ्या रोगाचं केंद्र दाखवून दिलं. लघवीतून रक्त जायचं. तो कृमी आपल्या आयुष्याचा एक टप्पा ज्या गोगलगायीत काढत होता ती फेरिसिया टेनुइस. गावाचं पाणी, गावाची माणसं आणि नखाएवढाही नसलेला एक शंकू, असं ते साखळीत बांधलेलं होतं.

नागपूरच्या टाकळीला, काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये, गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे जीवाश्म सापडतात. 1845 मध्ये नागपुरात आलेले धर्मोपदेशक स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी ते जमवून जगासमोर आणले. 1863 मध्ये हिस्लॉप पुराच्या पाण्यात बुडून गेले. लाव्हाचा एक पूर येऊन गेल्यावर दुसरा येईपर्यंतच्या मधल्या काळात तिथे तळी साचली, गवत उगवलं, गोगलगायी राहायला आल्या; मग पुन्हा आग. त्याच दगडाच्या दुसऱ्या टोकाला, हरिहरेश्वरला, आजच्या गोगलगायी त्यावर दात घासत आहेत. हे दोन्ही माझ्या मनात शेजारी शेजारी असतात, आणि त्यामुळे उमरेडहून समुद्र मला पूर्वीइतका लांब वाटत नाही.

प्रौढ लिंपेटला सहजासहजी घर बदलता येत नाही, पण त्याच्या पिल्लांची गोष्ट वेगळी. नर-मादी आपापली बीजं पाण्यात सोडतात. त्यातून झालेला जीव सुरुवातीचे काही दिवस पोहत, वाहत राहतो. त्या वेळी त्याला घर नसतं, माग नसतो. मग कुठल्यातरी कातळाला तो टेकतो आणि तिथून पुढे कड त्या दगडाप्रमाणे वाढू लागते. आत्याची नात नव्या वसाहतीत जन्मली. तिला जुनं गाव माहीत नाही, आणि आजी डावीकडे का वळते याचं तिला हसू येतं. आत्याला त्या हसण्याचा राग येत नाही. तिने मला एकदा सांगितलं की पोरीला तरी हे घर घरासारखं वाटतं, हे बरं आहे. हे सांगताना तिचा आवाज खाली आला होता, आणि मी तिला धीर द्यायच्या फंदात पडले नाही.

नात आता सातवीत आहे. येत्या माघी पौर्णिमेला तिला हरिहरेश्वरला न्यायचं ठरलंय, संध्याकाळच्या ओहोटीला. आत्या म्हणते, मीही येते, गुडघे दुखले तरी पायऱ्या उतरेन. मी पोरीला आधीच बजावून ठेवलंय की एकही शंकू उचलायचा नाही, आणि दगड उलटून बघितला तर जसा होता तसा परत ठेवायचा. तिने ऐकून घेतलं आणि लगेच विचारलं, रिकामं कवच सापडलं तर आणायचं का. ते आणू, म्हटलं. तिला त्याची कड कागदावर ठेवून पेन्सिलीने गिरवायची आहे, आणि मग त्या रेषेला नेमका बसेल असा दगड दुसऱ्या दिवशी सकाळच्या ओहोटीत शोधायचा आहे.